लाल दोऱ्याचे कटले

रंभाबाईचा कुणावर विश्वास नव्हता, आणि ते ती लपवतही नव्हती. लिलावाच्या काठावर व्यापाऱ्याने काटा टांगला, की ती पिशवीतून एक दगड काढायची. अंगणातला साधाच दगड, पण वाण्याकडे दोनदा तोलून खात्री करून घेतलेला. "आदी ह्यो तोल," म्हणायची, "मग मासं." व्यापारी हसायचे, एखादा वैतागायचा, पण दगड तोलल्याशिवाय तिची पाटी पुढे सरकत नसे. डॉक्टरने गोळ्या दिल्या तर त्यातली एक ती डबीत टाकून ठेवायची, पुढेमागे काही झालंच तर दाखवायला हाताशी असावी म्हणून. मोबाइलने आज पाऊस नाही असं सांगितलं, की बाई हमखास डोक्यावर घ्यायची खोळ घेऊन निघणार.

उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला भोयांची वस्ती आहे, तिथे तिचं घर. नवरा रावजी काठावर जाळं सांधता सांधताच छातीत कळ येऊन गेला. वस्तीला वाटलं, आता ही होडी विकणार आणि एकुलत्या लेकीकडे अकलूजला जाणार. रंभाबाईने तेरावा झाला तसं वल्हं उचललं आणि पाण्यात गेली. धाकटा दीर प्रभु तेव्हा म्हणाला होता, "वयनी, होडी माझ्याकडं द्या. मी वाटा देत जाईन." तो मनापासून म्हणाला की पोटात काही ठेवून, हे त्याचं त्याला माहीत. रंभाबाईला मात्र पुरतं कळलं. याचा आपल्या पाण्यावर डोळा आहे. त्या दिवशी तिच्या मनात जी पाल चुकचुकली ती पुढे गप्प म्हणून बसली नाही.

पाण्याचंही सांगायला हवं. फुगवटा सरकारचा, मासेमारी सोसायटीची, पण वस्तीने आपसात पाणी वाटून घेतलेलं आहे. बुडालेल्या आमराईच्या बुंध्यांपासून देवळाच्या चौथऱ्यापर्यंत रंभाबाईचं, चौथऱ्यापलीकडे प्रभुचं. दुसऱ्याच्या पाण्यात जाळं टाकायचं नाही. प्रत्येक घराच्या जाळ्याला त्या त्या घराच्या रंगाचा दोरा ओवलेला असतो. वाऱ्या-वादळात जाळं वाहून गेलं, तर ज्याला सापडेल त्याने दोरा पाहून ज्याचं त्याला आणून द्यायचं. भाऊ एकत्र होते तोवर घराचा दोरा लाल होता. वाटण्या झाल्या तेव्हा लाल थोरल्याकडे राहिला आणि प्रभुने निळा घेतला.

गेल्या दिवाळीनंतर सोसायटीने नियम केला. अर्ध्या किलोच्या आतला कटला-रोहू जाळ्यात आला तर तो जिवंत परत पाण्यात सोडायचा. नियम समजावून द्यायला मत्स्य खात्याच्या रेश्मा मॅडम आल्या होत्या. बाई तरुण, बोलायला मोकळी. तिला कुणीतरी विचारलं, सोडलेला मासा जगतो का? जाळ्यात गुदमरलेला, हाताळलेला, पाणकावळे डोक्यावर टपलेले. मॅडम म्हणाल्या, "खरं सांगू का, इथल्या पाण्यात किती जगतात आणि कुठे जातात, हे अजून कुणी पाहिलेलंच नाही." सगळे हसले. रंभाबाई हसली नाही. ती मागच्या रांगेतून म्हणाली, "कुटं जात्यात ते मला म्हाईत हाय की. शेजाऱ्याच्या जाळ्यात."

तिने नियम पाळला. चेअरमन मल्लिनाथ रोज सकाळी काठावर उभा राहून पाट्या उलथ्यापालथ्या करायचा, तेव्हा न पाळून सांगते कुणाला. हात ओला करून ती वीतभर कटला पाण्यात धरायची, तो आधी कुशीवर पडायचा, मग कल्ले हलायचे आणि शेपटीचा एक फटकारा देऊन गडप व्हायचा. तो दिसेनासा झाला की तिची नजर आपोआप चौथऱ्यापलीकडे जायची. तिकडे प्रभुची निळ्या दोऱ्याची जाळी पसरलेली. आपण सोडायचं आणि त्याने धरायचं! माघापर्यंत वजन वाढणार, आणि ते त्याच्या पाटीत. तिची पाटी त्या थंडीत खरोखरच हलकी होती. प्रभुची भरलेली दिसायची. निदान तिला तरी दिसायची.

मग तिने युक्ती केली. मासा सोडायच्या आधी ती त्याच्या शेपटीच्या देठाला आपल्या घरचा लाल दोरा बांधू लागली. अगदी बारीक, दोन गाठींचा. जाळ्याला दोरा असतो, होडीच्या दाव्याला असतो, मग माशाला का नको? आता हा मासा प्रभुच्या पाटीत निघू दे, की झालीच चोरी शाबीत. दोऱ्याची वस्तू परत करायची असते, हे वस्तीत शेंबड्या पोराला ठाऊक. मासा बांधताना ती त्याच्याशी बोलायची. म्हणजे प्रभुला शिव्या द्यायची. "जा, जा त्याच्या जाळ्यात. बगतेच कसा पचीवतोय मुडदा."

पौष गेला. असे कितीतरी मासे तिने सोडले. ती रोज प्रभुच्या पाटीजवळून मुद्दाम जायची, काहीतरी पडल्याचं निमित्त करून वाकायची, डोळ्यात तेल घालून बघायची. लाल दोऱ्याचा एकही मासा नाही. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, चला, आपला संशय खोटा ठरला. रंभाबाई म्हणाली, म्हणजे हा काठावर यायच्या आधी दोरे कापतोय.

त्यात प्रभु एकाएकी चांगला वागू लागला आणि तिची झोप उडाली. त्याचा मुलगा सिदू सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर कामाला होता. त्याला कावीळ झाली, ती पोटात उतरली, आणि पोरगा सरकारी दवाखान्यात आडवा पडला. बजाबाई, म्हणजे प्रभुची बायको, तिकडेच मुक्कामाला. प्रभु एक दिवस दवाखान्यात, एक दिवस पाण्यात. अशा ओढाताणीत माणसाला स्वतःची शुद्ध नसते. आणि हा माणूस रंभाबाईच्या होडीतलं साचलेलं पाणी उपसून ठेवत होता! तिचं दावं सैल झालेलं, ते त्याने बदलून दिलं. काठावर दिसली की थांबून म्हणायचा, "वयनी, काय लागलं-सवरलं तर सांगा." वाटण्यांपासून इतक्या वर्षांत इतकं गोड तो कधी बोलला नव्हता. चोराच्या मनात चांदणं असल्याशिवाय का एवढं लोणी लावतोय, असा तिचा सरळ हिशोब.

सिदू थोडा सावरून घरी आला, त्या आठवड्यात बजाबाई गुळाच्या पोळ्या घेऊन आली आणि रंभाबाईच्या पायांवर डोकं ठेवून बराच वेळ उठलीच नाही. "आक्का, तुमचं उपकार," एवढंच म्हणाली, डोळे पुसले आणि गेली. रंभाबाई पोळ्यांकडे बघत बसली. उपकार? कसले? ती दवाखान्यात एकदासुद्धा गेली नव्हती. तिने पहिली पोळी कुत्र्याला घातली आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवलं. कुत्रा शेपूट हलवत दुसरी मागायला आला. तरीही तिने उरलेल्या पोळ्या खाल्ल्या नाहीत, हे सांगायला मला वाईट वाटतं, कारण बजाबाईच्या हातच्या गुळाच्या पोळ्या वस्तीत नावाजलेल्या आहेत.

फाल्गुन लागता लागता तिला हवा तो पुरावा मिळाला. सकाळचं धुकं पाण्यावर बसलेलं. ती चौथऱ्याच्या आडोशाला होडी लावून गप्प बसली होती. पलीकडे प्रभु जाळं उचलत होता. एक मोठा कटला त्याने होडीत घेतला आणि तो एकदम थबकला. माशाच्या शेपटीला काहीतरी लाल होतं, तिला स्पष्ट दिसलं. प्रभुने इकडे तिकडे पाहिलं. कमरेची सुरी काढली. तिच्याकडे पाठ करून तो माशावर वाकला आणि कितीतरी वेळ तसाच राहिला. मग पलीकडच्या अंगाला हात बुडवले, धुतले, डोक्याला लावले आणि पुढचं जाळं ओढू लागला. खरं सांगायचं तर रंभाबाईला आनंद झाला होता. इतके दिवस ती जे म्हणत होती ते खरं निघालं, याचा आनंद.

ती तडक मल्लिनाथकडे गेली.

सोसायटीत अशा तक्रारीला फार वजन असतं. दुसऱ्याच्या पाण्यातले, दोऱ्याचे मासे धरून विकले, असं ठरलं तर त्या माणसाचं नाव वर्षभरासाठी कटतं. वर्षभर पाण्यात उतरायचं नाही. सिदू अजून कामावर गेला नव्हता, घरात मिळवतं दुसरं कुणी नव्हतं. हे रंभाबाईला ठाऊक होतं. तिने ते मनात आणलं आणि बाजूला सारलं. चोरी ती चोरी.

बैठक सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. नियमाचं काय झालं ते बघायला रेश्मा मॅडमही नेमक्या त्याच दिवशी आल्या होत्या. रंभाबाई उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. लाल दोरा, सोडलेले मासे, धुक्यातली सुरी. वस्तीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. दोन-तीन म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. तिला वाटलं, प्रभुची करणी ऐकून ठेवले.

"प्रभु, हे खरं हाय?" मल्लिनाथने विचारलं.

प्रभु उभा राहिला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो रंभाबाईकडे बघत होता, रागाने नाही, घाबरून.

"लाल दोऱ्याचा मासा धरलास का तू?"

"मला काय बोलायचं न्हाय," प्रभु म्हणाला.

"आरं, बोलला न्हाईस तर नाव कटंल."

"कटू द्या."

"प्वॉर आजारी हाय तुजं. खाशील काय?"

"कटू द्या म्हणलं की!"

रंभाबाईने सगळ्यांवरून नजर फिरवली. बघा, तोंडात मारल्यासारखा गप्प झाला. मल्लिनाथ नाइलाजाने पुढचं बोलणार, इतक्यात मॅडमनी हात वर केला. त्यांना वस्तीची रीत माहीत नव्हती, म्हणून त्यांनी सरळच विचारलं. "आजी, तुम्ही माशांना खूण करून सोडलंत? मग हे तर फारच छान झालं. आणखी कुणाला असे मासे सापडले का?"

मग धरणाच्या भिंतीकडचा कल्लप्पा चुळबुळला. तो मूळचा अक्कलकोटकडचा, बोलताना मध्येच कानडी हेल काढणारा.

"कल्लप्पा, गप बस!" प्रभु ओरडला.

"अय्यो, कसं गप बसू प्रभु? तुझं नाव कापाय लागलेत की," कल्लप्पा उठून म्हणाला. "मॅडम, मला दोन घावले. पार भिंतीकडं, हितनं कोसावर. चांगले जाडजूड. मी सोडले परत. लाल दोऱ्याचा मासा कोण खातोय? नवसाचा आस्तोय त्यो."

"मलाबी घावला व्हता," मागून एक आवाज आला. "मीबी सोडला." "आमच्या पाव्हण्यास्नी पल्याडच्या काठाला घावला." एकेक हात वर येत गेला. मॅडम हरखून विचारत होत्या, कुठे, कधी, केवढा झाला होता. वस्तीला मात्र त्यात आनंद नव्हता. कारण नवसाचा जीव पाण्यात सोडला की त्याबद्दल चार माणसांत बोलायचं नसतं. ज्याने सोडला त्याला विचारायचं नसतं. बोललं की नवस मोडतो, आणि ज्याच्यासाठी बोलला त्याच्यावर उलटतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत. रंभाबाईचीही. लाल दोरा म्हणजे आपलं घर, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बाकीच्यांनी जिवंत जिवाला बांधलेला लाल दोरा पाहिला आणि त्यांच्या मनात दुसरं काही आलंच नाही.

"मोडला," प्रभु म्हणाला. "वयनी, तुमचा तुमीच मोडला की वो. सा मासं आलं माझ्या जाळ्यात. समदं सोडलं मी. त्या दिवशीच्याला दोरा रुतला व्हता, मासा वाढला न्हवं, रगात येत व्हतं. सुरीच्या टोकानं गाठ सैल केली आन् पुन्ना बांदला. तुटू दिला न्हाई. माज्या सिदूसाठी बांदत व्हता तुमी. मी बगितलंय तुमाला, मासा हातात धरून पुटपुटताना. आन् आज समद्यांम्होरं..."

होडीतलं पाणी, दावं, गुळाच्या पोळ्या, पायांवर टेकलेलं डोकं, सगळं रंभाबाईच्या एकदम ध्यानात आलं. हा माणूस आत्ता वर्षाची भाकर घालवायला तयार झाला होता, पण तिचा नवस तोंडावाटे काढत नव्हता. आणि नवस नव्हताच. तिला तिथेच बोलता आलं असतं. पण इतकी माणसं, परकी मॅडम, आणि त्यांच्यासमोर काय सांगायचं? की मी शिव्या पुटपुटत होते? "तक्रार मागं घेती," एवढं म्हणून ती शेडबाहेर पडली.

दोन दिवस ती पाण्यावर गेली नाही. तिसऱ्या दिवशी कानावर आलं, सिदूला पुन्हा कणकण आली आहे. डॉक्टर म्हणतात थकव्याची आहे, घाबरायचं कारण नाही. पण बजाबाईने अन्न टाकलंय, ओलेत्याने देवापुढे बसतेय, आणि प्रभुने जाळी घडी करून ठेवलीत. नवस मोडला, आता पोरगा जातो, असं दोघांनी धरून ठेवलंय. रंभाबाईने पहिल्यांदा नेहमीसारखाच विचार केला. हे आपल्याला ऐकवायलाच कुणीतरी सोडलं असेल. मग ती उठली आणि प्रभुच्या घराकडे चालू लागली. गप्प राहिली असती तर वस्तीत तिची अब्रू झाकलेलीच होती. नवस करणारी थोरली जाऊ, जरा डोक्याने फिरलेली, एवढंच लोक म्हणाले असते.

सिदू अंगणात बाजेवर पडला होता. गालफडं बसलेली, डोळ्यांत अजून हळद. तो उठायला लागला. "थोरले आई, ये की." बजाबाई दारातच थिजली. प्रभु भिंतीला टेकून बसला होता, त्याने मान वर केली नाही.

"पडून ऱ्हा," रंभाबाई म्हणाली. बसली नाही. "बजा, आदी भाकरी खा. नवस मोडल्याला न्हाई."

"आक्का, समद्यांम्होरं..."

"न्हवताच त्यो. नवस न्हवताच. मग मोडंल कुटनं?"

बजाबाईने तोंडावर पदर धरला. तिच्या अंगातून काहीतरी सुटल्यासारखी ती उंबऱ्यावर बसली, हसली की रडली कळलं नाही. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं. "मग दोरा कशापायी बांदला वं आक्का?"

"भावजींची चोरी धरायला."

रंभाबाईला वाटलं, प्रभु आता उठेल, अंगावर येईल, हाकलून देईल. ते झालं असतं तर बरं झालं असतं. तिला भांडता येत होतं.

प्रभु म्हणाला, "व्हट हलत हुतं तुमचं."

"शिव्या देत हुते. तुमाला."

बाजेवर सिदू फिसकन हसला. हसता हसता त्याला खोकला आला, पण तो हसत राहिला. दुसरं कुणी हसलं नाही.

"मग मी कुणाच्या नवसानं उठलो म्हनं?" सिदूने विचारलं.

"माज्या तरी न्हाई रं बाबा," रंभाबाई म्हणाली. "मी दवाखान्यातबी आले न्हाई तुला बगाय. दोरा तेवढा माजा. हातात आलेलं मासं तुज्या बापानं सोडलं, घरात दाणा नसताना. काय असंल ती पुण्याई त्येची."

बजाबाई उठून आत गेली. चुलीवर तवा टाकल्याचा आवाज आला, पण चहा घ्या, बसा, असं काही ती म्हणाली नाही. प्रभु उठला. घडी केलेलं जाळं त्याने खांद्यावर घेतलं, टोपी झटकली.

"समदं सांगितलं?" त्याने विचारलं.

"समदं."

"बरं," तो म्हणाला, आणि पाण्याकडे निघाला.

रंभाबाई त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली. जन्मभर तिने माणसांच्या बोलण्यामागे काय दडलंय ते शोधलं, आणि दर वेळी तिला वाईटच सापडलं. आता त्या एका 'बरं'मागे तो काहीतरी ठेवून गेला असावा, नुसतं तोंडदेखलं नसावं, असं तिला फार वाटत होतं. तो वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली. त्याने मागे वळून पाहिलं नाही.